पाय नेमका कधी मोडतो?

शर्यतीच्या मैदानावर घोडा कोसळला की काही क्षणांतच चारपाच माणसे एक उंच पडदा घेऊन धावत येतात आणि घोड्याभोवती तो उभा करतात. पुढचे दृश्य प्रेक्षकांना दिसू नये एवढाच त्या पडद्याचा हेतू असतो. पडद्याआड पशुवैद्य पाय चाचपून पाहतो आणि, दुखापत भरून येण्यासारखी नसेल तर, इंजेक्शन देऊन त्या जनावराला कायमचे झोपवतो. मग पडदा निघतो, गाडी निघून जाते आणि पुढच्या शर्यतीचे घोडे मैदानात येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आलीच, तर तिच्यात दोन शब्द हमखास असतात : 'दुर्दैवी अपघात'.

ह्या दोन शब्दांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. जे कोणी योजले नव्हते आणि ज्याची पूर्वकल्पना कोणाला असणे शक्यच नव्हते, त्याला आपण अपघात म्हणतो. झाडावर वीज कोसळली तर झाडाखाली आसऱ्याला थांबलेल्या वाटसरूच्या मृत्यूबद्दल आपण कोणाला दोष देत नाही. शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडणे हे ह्या अर्थाने अपघात आहे काय? आमच्या वाचकांपैकी फार थोडे जण रेसकोर्सच्या आत गेले असतील. कित्येकांना तिथे जाणेच प्रशस्त वाटत नसेल. पैज लावणे योग्य की अयोग्य हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. 'आम्हांला माहीत नव्हते' असे माणूस केव्हा म्हणू शकतो, आणि केव्हा त्याचा तो अधिकार संपतो? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास घोड्याच्या पायाइतके स्पष्ट उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही.

त्यासाठी प्रथम तो पाय पाहिला पाहिजे. घोडा हे एका बोटावर चालणारे जनावर आहे. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते वस्तुतः त्याचे मनगट होय. त्याखालचे लांब, सरळ नळीचे हाड म्हणजे आपल्या तळहातातल्या मधल्या बोटामागचे हाड. आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. मनगटाखाली स्नायू असे जवळजवळ नाहीतच. हाड, दोरखंडासारखे कंडरे आणि वर कातडी, एवढाच सारा संसार. नळीचे हाड संपते तिथे घोट्यासारखा एक सांधा असतो आणि त्याच्या पाठीमागे दोन छोटी हाडे कंडऱ्यांना कप्पीसारखा आधार देत बसलेली असतात. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा थरोब्रेड घोडा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने चौखूर धावतो, तेव्हा प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो की त्याचा सारा भार एकाच पायावर असतो. आणि वेगामुळे तो भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. त्या क्षणी हा सांधा इतका खाली झुकतो की घोट्याची मागची बाजू जमिनीला टेकते की काय असे वाटावे. असे सेकंदाला दोनदा, शर्यत संपेपर्यंत.

निसर्गाने हा पाय पळण्यासाठीच घडवला आहे, हे खरे. पण त्याने त्या पायाला दुरुस्तीची सोयही दिली आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म त्या सोयीत आहे. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. त्यावर ताण पडला की त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. मग एका प्रकारच्या पेशी तो खराब भाग पोखरून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड भरतात. खेड्यातल्या जुन्या घराची डागडुजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. कुजलेला वासा आधी काढावा लागतो आणि मग नवा बसवता येतो. मधल्या दिवसांत ते छप्पर पूर्वीपेक्षाही कच्चे असते. हाडातही पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र महिने लागतात. शिवाय ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की जोरदार सराव सुरू असताना सांध्याखालच्या हाडात ही डागडुजी मंदावते आणि घोडा विश्रांतीवर गेला म्हणजे ती पुन्हा वेग घेते. म्हणजे भेगा साठतात त्या धावण्याच्या दिवसांत, आणि बुजतात त्या न धावण्याच्या दिवसांत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९० साली एक नियम केला. शर्यतीच्या मैदानाच्या आवारात जो घोडा मरेल त्याचे शवविच्छेदन झालेच पाहिजे, असा तो नियम. हे काम डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेकडे आले आणि डॉ. स्यू स्टोव्हर ह्या विदुषीने आपले उभे आयुष्य त्या मोडक्या हाडांच्या अभ्यासात घालवले. त्या टेबलावर जे दिसले त्याने शर्यतीच्या जगातील एक जुनी समजूत मोडीत काढली. ताज्या मोडीच्या शेजारीच जुनी भेग असे. तिच्याभोवती हाडाने स्वतःला सावरण्यासाठी चढवलेला नवा थर असे. कुठे सांध्याखालचे हाड वारंवारच्या माराने घट्ट आणि ठिसूळ झालेले, कुठे पोखरलेले असे. एका वाईट पावलाने, एका खड्ड्याने, एका दुर्दैवी क्षणाने धडधाकट पाय मोडला, असे क्वचितच घडलेले दिसे. बहुतेक पाय शर्यतीच्या आधी कित्येक आठवडे मोडू लागलेले होते. शर्यतीच्या दिवशी ते मोडणे फक्त पुरे झाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. वीज आणि ही मोड ह्यांतला फरक येथेच आहे. वीज पडण्यापूर्वी तिची कुठेही नोंद नसते. ह्या पायात मात्र नोंद होत होती, रोज थोडी थोडी.

आता कोणी म्हणेल, मोडला पाय तर बसवावा. माणसाचा बसवतात तसा. हेही लोकांनी करून पाहिले. १९७५ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क मैदानावर रफियन नावाची एक काळी घोडी, जी तोपर्यंत एकही शर्यत हरलेली नव्हती, एका नामांकित घोड्याशी एकास एक अशी धावत असताना तिच्या पुढच्या उजव्या पायाची ती दोन छोटी हाडे फुटली. रात्री शस्त्रक्रिया झाली. पण भुलीतून बाहेर येताच ती आडव्या अवस्थेतच पाय झाडू लागली. तिच्या लेखी शर्यत अजून संपलेली नव्हती, असे म्हणतात. जोडलेले सारे पुन्हा मोडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला झोपवावे लागले. एकतीस वर्षांनंतर, २००६ साली, केंटकी डर्बी जिंकलेला बार्बारो दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत आरंभीच लंगडला. मागचा उजवा पाय अनेक ठिकाणी फुटलेला होता. ह्या वेळी पैसा होता, उत्तम शल्यचिकित्सक होते, घोड्याला तरंगत्या अवस्थेत भुलीतून बाहेर काढणारा खास हौद होता. सत्तावीस स्क्रू घालून पाय जोडला. देशभरातून त्या घोड्यासाठी सफरचंदे, गाजरे आणि पत्रे येत राहिली. मोडलेला पाय बराचसा सांधलाही. पण तो पाय उचलून धरल्यामुळे सारा भार दुसऱ्या मागच्या पायावर पडला, त्या पायाच्या खुराच्या आतले कोवळे थर सुजून सुटू लागले, आणि आठ महिन्यांच्या झुंजीनंतर २९ जानेवारी २००७ रोजी बार्बारोची सुटका करावी लागली. घोडा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही आणि तीन पायांवर उभाही राहू शकत नाही. म्हणून अशा जबर मोडीवर बहुधा उपचार असा नसतोच. जे काही करावयाचे ते पाय मोडण्याआधी.

बार्बारोसाठी रडलेल्या लोकांच्या अश्रूंविषयी आम्हांला आदरच आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेतील लहानसहान मैदानांवर ज्यांचे पाय मोडले त्या घोड्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. पुढे तेथील जॉकी क्लबने अशा मृत्यूंची देशव्यापी नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. २००९ च्या आकड्यांनुसार शर्यतीत उतरलेल्या दर हजार घोड्यांमागे दोन घोडे मरत होते. ऐकावयास हे प्रमाण क्षुल्लक वाटते. समजा, एखाद्या मैदानावर दिवसाला नऊ शर्यती होतात आणि प्रत्येकीत आठ घोडे धावतात. मग हजाराचा हा आकडा चौदा दिवसांत पुरा होतो. म्हणजे शर्यतींच्या दर सात दिवसांना तो पडदा एकदा बाहेर काढावा लागणार. सराव करताना मेलेले घोडे ह्या हिशेबात धरलेलेच नाहीत. शिवाय घोडा पडतो तेव्हा त्याच्या पाठीवर एक माणूस असतो, हेही विसरता येत नाही.

तर मग पायात चाललेली ही नोंद वाचावयाची कोणी? ती वाचणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हे, मोतद्दार. जगातल्या कोणत्याही तबेल्यात पहाटे घोड्याच्या पायावरून तळहात फिरवणारा एक गरीब माणूस असतो. कालच्यापेक्षा आज नळीवर किंचित ऊब आहे, घोट्याला बारीकशी सूज आहे, टाप टाकताना घोडा जरा अडखळतो, हे त्याच्या हाताला आणि कानाला कळते. पण त्याचे म्हणणे ऐकण्याची कोणावर सक्ती नसते. ट्रेनरला शर्यतीची तारीख दिसत असते, मालकाला दाण्यावैरणीचे आणि ट्रेनरचे बिल दिसत असते. महालक्ष्मीला १८८३ पासून घोडे धावत आहेत. पावसाळ्यात हाच खेळ पुण्याला जातो. आणि जगातल्या बाकीच्या मैदानांप्रमाणे इथेही घोड्याच्या सर्वांत निकट असणारा माणूसच पगाराच्या शिडीत सर्वांत खाली असतो.

दुसरा साक्षीदार स्वतः घोडा. तो बोलत नाही. एवढेच नव्हे, तर तो शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला असल्यामुळे वेदना लपवणे हा त्याच्या रक्तातला गुण आहे. रानात जो लंगडतो तो आधी खाल्ला जातो. तरीही वेदना असह्य झाली की तो पाय राखून टाकतो. आणि ही त्याची एकमेव साक्ष. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके आणि सांध्यात टोचली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने ह्या साक्षीला गप्प करतात. औषध हे स्वतः वाईट नाही, हे आम्ही जाणतो. दुखणाऱ्या जनावराला आराम देणे हे तर दयेचेच काम. पण वेदनेवर उपाय करून घोड्याला विश्रांती देणे निराळे, आणि वेदनेवर उपाय करून त्याला धावावयास लावणे निराळे. दोन्हींत सुई तीच, औषध तेच. पहिल्या खेपेस आपण घोड्याचे ऐकतो आणि दुसऱ्या खेपेस त्याचे तोंड बांधतो. शर्यतीच्या आधी किती दिवस सांध्यात इंजेक्शन देऊ नये ह्याविषयी आता कडक नियम आले आहेत, ते ह्याच कारणाने.

आता ज्या प्रकरणाने आमचे ह्या विषयाकडे प्रथम लक्ष वेधले ते सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट मैदानावर २०११-१२ च्या हिवाळ्यात साडेतीन-चार महिन्यांत २१ घोडे मेले. त्या वर्षी मैदानाची माती बदलली नव्हती, घोड्यांची जात बदलली नव्हती. बदलले होते ते एवढेच, की ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच आवारात एक मोठा कॅसिनो उघडला होता आणि त्याच्या उत्पन्नाचा वाटा शर्यतींच्या बक्षिसांत येऊ लागला होता. अमेरिकेत एका हलक्या दर्जाच्या शर्यतीचा प्रकार आहे. तीत उतरणारा प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विकाऊ असतो. ती किंमत शर्यतीआधी भरणाऱ्याला शर्यतीनंतर तो घोडा मिळतो. ह्या शर्यतींची बक्षिसे आता त्या घोड्यांच्या किमतीच्या कित्येक पट झाली. ह्याचा अर्थ काय झाला तो पाहा. दुखऱ्या पायाचा घोडा तीन महिने रानात मोकळा सोडला तर तीन महिन्यांचा खर्च अंगावर येतो आणि हाती काहीच येत नाही. तोच घोडा आज धावला आणि जिंकला, तर त्याच्या किमतीहून मोठी रक्कम हाती पडते. हरला तरी कदाचित दुसरा कोणी त्याला विकत घेऊन जातो आणि दुखरा पाय त्याचा होतो. मेला, तर स्वस्तातला घोडा मेला. कोणी दुष्टपणाने ठरवले नाही. हिशेबाने ठरवले.

राज्यपालांनी नेमलेल्या समितीने सप्टेंबर २०१२ मध्ये आपला अहवाल दिला. त्या २१ पैकी निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता येण्याची संधी होती, असे तिने म्हटले. बक्षीस आणि घोड्याची किंमत ह्यांच्या प्रमाणाला मर्यादा घालावी, पशुवैद्याला ट्रेनरच्या दबावापासून मोकळे ठेवावे, असे उपाय तिने सुचवले. आम्हांला ह्या अहवालात विशेष जाणवली ती ही गोष्ट, की हाडाच्या रोगावरचा उपाय ती समिती खजिनदाराच्या वहीत शोधत होती. आणि ते बरोबरच होते.

सात वर्षांनी हीच कथा कॅलिफोर्नियातील सँटा अनिता मैदानावर घडली. डिसेंबर २०१८ पासून जून २०१९ पर्यंत तिथे ३० घोडे दगावले. त्या हिवाळ्यात पाऊस अतोनात झाला होता, म्हणून आरंभी सारा संशय मातीवर गेला. मार्चमध्ये मैदान काही काळ बंद ठेवून जमिनीची तपासणी झाली. ओल्या मातीचा वाटा होताच. पण पहिल्या काही महिन्यांतील २३ मृत्यूंची सविस्तर चौकशी झाली तेव्हा २१ घोड्यांच्या पायांत जुनी इजा आढळली. बंदी असलेले औषध कोणी दिल्याचे आढळले नाही. नियमांचा भंग न करताही एवढे घोडे मरू शकतात, ही गोष्ट आमच्या मते नियम मोडण्याहूनही विचार करावयास लावणारी आहे.

पृष्ठभागाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. मेण लावलेली वाळू आणि कृत्रिम तंतू ह्यांचे मिश्रण अंथरून केलेल्या धावपट्टीवर मातीच्या पट्टीपेक्षा घोडे कमी मरतात, हे अमेरिकेतील नोंदी वर्षानुवर्षे सांगत आहेत. कॅलिफोर्नियाने २००६ साली मोठ्या मैदानांना अशी धावपट्टी सक्तीची केली होती. सँटा अनिताने ती घातली, पाण्याच्या निचऱ्याच्या अडचणी आल्या, ट्रेनर आणि पैजा लावणारे कुरकुरले, आणि २०१० च्या अखेरीस तिथे पुन्हा माती आली. पुढे काय झाले ते वर आलेच आहे. नालेच्या पुढच्या टोकाला पकडीसाठी ठोकली जाणारी उंच पट्टी पायावरचा ताण वाढवते, हे समजल्यानंतरही ती जावयास बराच काळ लागला.

मग विश्रांती दिली की झाले, असे मात्र नाही, आणि येथे भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या प्राणिमित्रांनाही थोडे सांगावेसे वाटते. दोन-तीन महिने विसावलेल्या घोड्याचे हाड पोखरणीच्या अवस्थेत असते. तो ताजातवाना दिसतो, त्याचा दम लवकर भरतो, आणि म्हणूनच त्याला घाईने वेगात सोडले तर मोडीचा धोका वाढतो. तसेच, कोवळ्या वयात घोड्याला पळवूच नये, ही समजूतही पुरती खरी नाही. वाढत्या हाडाला ज्या वेगासाठी तयार व्हावयाचे त्या वेगाची थोडी थोडी ओळख लवकर झालेली बरी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड नुनामेकर ह्यांनी हेच दाखवले. संथ चालीत मैलोन्‌मैल दौडवलेल्या तरुण घोड्याच्या नळीचे हाड संथ चालीपुरतेच मजबूत होते आणि एकदम भरधाव सोडल्यावर पुढच्या बाजूने दुखावते. उलट लहान अंतराच्या वेगवान धावा हळूहळू वाढवत नेल्या तर ते टिकते. तेव्हा घोड्याला विसावा हवा आणि विसाव्यानंतर धीरही हवा. ह्या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि शर्यतीच्या धंद्यात सर्वांत महाग वस्तू तीच आहे.

शेतात राबणाऱ्या जनावराचा विसावा हा माणसाच्या मर्जीचा नव्हे तर त्याच्या हक्काचा भाग आहे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. सातव्या दिवसाच्या विसाव्याची जी आज्ञा आम्ही लहानपणी पाठ केली, तिच्या मूळ पाठात बैल आणि गाढव ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने विसाव्याचा दिवस आधीच ठरवून ठेवावा, त्या त्या वेळच्या गरजेवर तो सोडू नये, असा त्यामागचा शहाणपणा दिसतो. कारण गरज ही नेहमीच 'आज नको, पुढच्या आठवड्यात' असे म्हणते.

ह्या साऱ्यावर शर्यतीच्या बाजूने दोन उत्तरे दिली जातात, आणि ती नुसती हसून सोडण्यासारखी नाहीत. पहिले असे, की घोड्याला धावण्याची आवडच आहे. आवड आहे खरी. कुरणात सोडलेली शिंगरे उगाच एकमेकांशी शर्यत लावताना ज्याने पाहिली तो हे नाकारणार नाही. पण कुरणातला घोडा पाय दुखला की थांबतो. त्याच्या पाठीवर कोणी चाबूक घेऊन बसलेला नसतो आणि त्याची धाव संपण्याची जागा दुसऱ्या कोणी खांब रोवून ठरवलेली नसते. आवडीवर बोट ठेवणाऱ्याने थांबण्याची मोकळीकही दिली पाहिजे. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे : शर्यती नसत्या तर हे घोडे जन्मालाच आले नसते, थोडा धोका पत्करून मिळालेले आयुष्य हे अजिबात न मिळालेल्या आयुष्याहून बरे. ह्यावर आम्ही बराच विचार केला. हा युक्तिवाद मान्य केला तर जन्म देणाऱ्याला जन्मलेल्याशी वाटेल तसे वागण्याची मुभा मिळते, आणि ती आपण कुठेच देत नाही. उलट, केवळ आपल्या करमणुकीसाठी ज्याला जन्माला घातले त्याचे देणे आपल्याकडे अधिकच लागते. मात्र धोका शून्य झाल्याशिवाय शर्यती बंदच कराव्यात, असेही आम्ही म्हणत नाही. धोका शून्य असे कोणतेच आयुष्य नाही, घोड्याचेही नाही. जो धोका आपण पाहू शकतो, मोजू शकतो आणि कमी करू शकतो, तो न पाहता ठेवून देणे हे मात्र आम्हांला अक्षम्य वाटते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तामिळनाडूच्या एका खटल्यात असा निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कूळ, त्याची तयारी, जॉकीचे कसब ह्यांचा अभ्यास करून निकालाचा अंदाज बांधता येतो. शर्यतीच्या जगाने ह्या निर्णयाचे स्वागत केले, आणि ते साहजिक होते. त्यावरच त्या धंद्याचे कायदेशीर अस्तित्व टिकले. मग आमची एवढीच विचारणा आहे : जिंकणारा घोडा तयारीवरून ओळखता येतो, तर पडणारा घोडा तेवढा नशिबावर कसा सोडला जातो?

पाहावयाचे ठरवले की काय होते तेही आता दिसू लागले आहे. सँटा अनिताच्या त्या हिवाळ्यानंतर, डिसेंबर २०१९ मध्ये, तिथे पेट स्कॅन करणारे एक यंत्र बसवण्यात आले. घोड्याला किंचित गुंगी देऊन उभ्याउभ्याच त्याचा घोटा त्या कड्यात ठेवतात; हाडात जिथे डागडुजीची धावपळ चालू आहे तिथे चित्रात ठळक ठिपका उमटतो. साध्या एक्स-रेत न दिसणारी इजा त्यात दिसते. मेलबर्न कपमध्ये २०२० साली अँथनी व्हॅन डाइक हा परदेशातून आलेला घोडा दगावल्यावर परदेशी घोड्यांच्या पायांचे स्कॅन तिथे सक्तीचे झाले. अमेरिकेने २०२० च्या अखेरीस कायदा करून शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण स्थापले. १ जुलै २०२२ पासून त्याचे सुरक्षा-नियम लागू झाले. २००९ साली हजारी दोन असलेले मृत्यूचे प्रमाण २०२४ साली ह्या प्राधिकरणाखालच्या मैदानांवर ०.९० वर आले. घोडे तेच, वेग तोच, हाडही तेच.

हे निम्म्याहून अधिक घोडे जे आज वाचतात, ते पूर्वी कोणत्या दुर्दैवाने मरत होते, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे.

त्याच २०२४ साली, ज्या राज्यांतली मैदाने ह्या प्राधिकरणाबाहेर राहिली तिथे प्रमाण १.७६ होते. नव्या नियमांत एक कलम असे आहे की, विकाऊ शर्यतीत घोडा दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याच्यावर अलीकडे झालेल्या उपचारांची कागदपत्रेही नव्या ट्रेनरला मिळाली पाहिजेत. कोणत्या सांध्यात काय टोचले, केव्हा टोचले, कोणता पाय कधी सुजला होता. बाहेरच्या मैदानांवर हे कलम नाही. तिथे घोडा गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे पाय तेवढे असतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पायांवरून हात फिरवणारा मोतद्दारही नवा असतो.